गुरुवारचा सहावा तास

(दृश्य: टेबलावर पेन्सिलीने आखलेलं वेळापत्रक, बाजूला खोडरबराचा चुरा.)

आठवी ब. गुरुवार, सहावा तास. इथे आधी गणिताचा जादा तास होता. मुख्याध्यापकांनी तो खोडून वर्गशिक्षिकेचं नाव लिहिलं. बाईंनी एवढंच मागितलं होतं: व्यसनमुक्तीसाठी आठवड्याला एक तास द्या, आणि त्या वेळी मला दुसऱ्या वर्गावर पाठवू नका.

व्यसनमुक्ती म्हटलं की शाळेत काय होतं, हे आपण पाहत आलोय. २६ जून, अमली पदार्थविरोधी दिन उजाडतो, पाहुणे येतात, काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवतात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात. मधल्या सुट्टीपर्यंत ती विरूनही जाते.

अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये, १९८३ साली ‘डेअर’ हा शाळांमधला व्यसनविरोधी कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन धडे द्यायचे. कार्यक्रम देशभर पसरला. पण अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा मुलांच्या वागण्यात फारसा फरक सापडेना. शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला.

त्याच दशकात अमेरिकेतल्याच बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या काही वर्गांत शिक्षक एक साधा खेळ घेत होते. मुलांचे गट पाडायचे, नियम पाळणाऱ्या गटाला बक्षीस. अमली पदार्थांचा त्यात उल्लेखही नाही. ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाली, तेव्हा मुलग्यांमध्ये, त्यातही पहिलीत दांडगाई करणाऱ्यांमध्ये, अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचं प्रमाण खेळ न घेतलेल्या वर्गांपेक्षा कमी निघालं.

(दृश्य: हजेरीपट. एका नावापुढे लाल खुणांची रांग.)

सोमवारी हमखास गैरहजर. जुने मित्र सुटलेले. हे पाहुण्यांना कसं दिसणार? बाईंना दिसतं. मात्र दप्तरं तपासायचं काम त्यांच्या गळ्यात मारू नये. एकदा झडती घेतली की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती तासापेक्षा मोठी वाटते. त्यांनी लेखी दिलं: मुलाने आपणहून सांगितलं, तर आधी समुपदेशक आणि पालक. शाळेतून काढायची भाषा नाही.

(दृश्य: वर्ग. बाकं बाजूला सारलेली.)

“एकदा ओढून तर बघ!” एकजण खडूचा तुकडा पुढे करतो. दुसरा म्हणतो, “नको.” पण पाय हलत नाहीत. वर्ग हसतो. बाई म्हणतात, “पुन्हा.”

तिसऱ्या खेपेला तो म्हणतो, “मला प्रॅक्टिसला जायचंय,” आणि दारापर्यंत चालत जातो.