काचेसारखं पाणी शोधताय?

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला, दिवाळी तोंडावर आली की गोव्यातल्या प्रत्येक मराठी घरात पुण्या-नाशिक-कोल्हापूरच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. पूर्वी विचारायचे रूम कुठे स्वस्त मिळेल, आता विचारतात, स्नॉर्कलिंग (म्हणजे मास्क आणि नळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं) कुठे चांगलं? मोबाईलवर कुठल्यातरी बेटाजवळचं निळंशार पाणी बघितलेलं असतं, तेच इथे हवं असतं.

तर आधीच सांगून टाकतो, गोव्याचं पाणी तसं नाही. हिरवट आहे, आणि बऱ्याच दिवशी तर दोन-चार मीटरच्या पुढचं धूसर दिसतं. पण लोक लगेच "घाण पाणी" म्हणून मोकळे होतात ना, तिथे माझं डोकं फिरतं. मांडवी आणि झुआरी या नद्या घाटातली माती घेऊन येतात, ती काही काळ पाण्यात तरंगत राहते, हे एक. दुसरं म्हणजे पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं, त्यात पोषक द्रव्यं भरपूर, त्यावर डोळ्यांना न दिसणारं प्लवंग, म्हणजे प्लँक्टन, माजतं, आणि पाण्याचा हिरवेपणा बराचसा त्याचाच. त्या प्लवंगावर तारली जगते, बांगडा जगतो, आणि त्यांच्यावर आपण. ते काचेसारखं निळं पाणी दिसायला सुंदर, पण त्यात खायला फारसं काही नसतं म्हणूनच ते एवढं स्वच्छ दिसतं.

एवढं डोक्यात ठेवून गेलात तर ग्रँड आयलंड तुम्हाला आवडेल. वास्कोजवळ मुरगावच्या टोकापलीकडे हे बेट आहे, बोटी तिथेच नेतात. खडकांच्या आडोशाला प्रवाळ आहे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे आहेत, पोपटमासे आहेत, नशीब असेल तर कपारीतून तोंड बाहेर काढून बसलेला एखादा गोबरो, म्हणजे ग्रूपर मासा पण. बहुतेक लोक काय करतात, बोटीतून धप्पकन उडी, पाच मिनिटं हातपाय आपटले, काही दिसत नाही म्हणून वर, आणि मग जेवण मिळेपर्यंत फोटो. अहो, एवढा धिंगाणा घातल्यावर कोण थांबेल तिथे? लाईफ जॅकेट घालून पालथे पडा, खडकाच्या जवळ रहा पण पाय टेकवू नका, आणि नुसते तरंगा. थोड्या वेळाने पळालेले मासे एकेक करून परत येतात. आणि कान पाण्याखाली ठेवा, कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज सतत येत असतो, ती खडकाच्या फटीत लपलेली बारकी कोळंबी, नांगी आपटते. पोपटमासा खडक खरवडतो त्याची करकर पण ऐकू येते. दिसण्यात जे कमी पडतं ते ऐकण्यात भरून निघतं, पण हे ब्रोशरमध्ये कोण छापणार.

मिशीवाल्यांसाठी एक खास सूचना. आमचे भाऊजी, म्हणजे मावसबहिणीचे मिस्टर, त्यांची मिशी चांगली भरघोस. मास्क कितीही घट्ट केला तरी नाकात पाणी. बोटीवरचा पोरगा बघत होता, शेवटी त्याने खिशातून व्हॅसलिनची डबी काढली आणि म्हणाला, "भाऊ, मिशीला लावा, जाड लावा." केसांच्या फटीतून पाणी आत येतं, व्हॅसलिनने ती फट बुजते. भाऊजींनी लावलं, आणि मग त्यांना पाण्याबाहेर काढायला आम्हाला हाका मारायला लागल्या. काचेवर वाफ धरते त्याला उपाय आपली थुंकी, आतून चोळायची आणि समुद्रात एकदा विसळायची, किळस वाटली तरी काम करते. आणि माशांना बिस्किटं, ब्रेड टाकू नका, प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका, वन्यजीव कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत प्रवाळ पण आहे.

आता गाडीचं. भाड्याची गाडी घेताना काळी नंबर प्लेट आणि पिवळी अक्षरं बघून घ्या, पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तरी नको, ती भाड्याने द्यायला परवानगीच नसते आणि पोलिसांनी अडवलं की ताप तुम्हाला. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती, समोरून बस आली तर कोणालातरी रिव्हर्स घ्यावाच लागतो, त्याची सवय करा.

पण बीचवर गाडी घालू नका हो. दर सीझनला कुणीतरी घालतोच. मोरजीला अशी एक फसलेली गाडी मी जवळून बघितली, कुठली ते सांगत नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओली वाळू सिमेंटसारखी कडक वाटते, म्हणून पोरं पाण्याच्या कडेने रील काढायला गेली, वळवताना पुढची चाकं कोरड्या भुसभुशीत वाळूत गेली, आणि मग जेवढा ॲक्सिलरेटर दाबला तेवढी गाडी बसत गेली, शेवटी खालचा पत्रा वाळूला टेकला. तोवर भरती लागली. दर लाटेबरोबर चाकाखालची वाळू सरकत होती आणि गाडी एका बाजूला कलत होती, आतून कोणीतरी चपला बाहेर फेकत होतं, त्या तरंगत निघाल्या. ट्रॅक्टरवाला आला, बराच वेळ नुसता बघत उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी हांगा कित्याक हाडली रे बाबा?" म्हणजे गाडी इथे कशाला आणली? कोणाकडेच उत्तर नव्हतं. दोर लावून ओढली तेव्हा दारातून पाणी ओतलं. खारं पाणी वायरिंगमध्ये शिरलं की गाडी संपली समजा, शिवाय पोलीस केस, शिवाय डिपॉझिट.

आणि ते सगळं बाजूला ठेवा, मोरजीची वाळू म्हणजे कासवांची बाळंतिणीची खोली आहे. ऑलिव्ह रिडले कासवीण थंडीच्या दिवसात रात्री वर येते, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, तळहातावर मावतील एवढी, आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. समुद्राची बाजू उजळ असते म्हणून हे बरोबर, पण मागे शॅकचे फोकस पेटलेले असले की उलटी फिरतात. आणि टायरची चाकोरी आडवी आली तर त्यांच्यासाठी ती खंदकच, चढता येत नाही, त्यातूनच लांब चालत बसतात आणि कावळ्याच्या तावडीत सापडतात. वन खात्याचं कुंपण आणि जाळी दिसली तर लांबून बघा, फ्लॅश नको, पिल्लू उचलून सेल्फी तर मुळीच नको.

डॉल्फिनबद्दल फार बोलत नाही. आहेत, करड्या पाठीचे आहेत, पोस्टरसारखे उड्या मारत नाहीत, पाठ दिसते आणि जाते. चार बोटी एकाच डॉल्फिनमागे लागल्या की मला तरी बघवत नाही. इंजिन बंद करून थांबणारा बोटवाला मिळाला तर त्याला दहा लोकांकडे पाठवा.

त्यापेक्षा एक सकाळ कुंभारजुव्याच्या कालव्याला द्या. मांडवी आणि झुआरीला जोडणारा हा कालवा, दोन्ही काठांना खारफुटी, आणि खाऱ्या पाण्यात चक्क मगरी. ओहोटीला जा, चिखल उघडा पडतो तेव्हा त्या ऊन खायला वर येतात, भरतीला गेलात तर फक्त झाडं बघून याल. तिथल्या शेतकऱ्यांचं मगरीशी जुनं नातं आहे, पौष अमावस्येला चिखलाची मगर करून पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला, कारण खाजन शेतीचे, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचे, बांध आणि मगर एकाच पाण्यात राहतात.

चोडण बेटावर पक्षी बघायला, सलीम अली अभयारण्यात जाणार असाल तर मोबाईलचा मॅप सरळ रस्ता दाखवेल आणि रायबंदरला समोर मांडवी येईल, घाबरू नका, तिथे फेरीबोट आहे. फक्त सुकतीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं, तिथे घसरलात तर थेट नदी. अभयारण्य पलीकडच्या धक्क्याला जवळजवळ लागूनच आहे, तेव्हा गाडी अलीकडेच कुठेतरी लावा आणि पायी फेरीत चढा.