बँकेच्या दारातला यक्ष

नमस्कार मंडळी! दिल्लीत संसद मार्गावरून कधी गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बिल्डिंगकडे जरा मान वर करून बघा, दाराच्या दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच दगडी मूर्ती दिसतील. एकीकडे यक्ष, दुसरीकडे यक्षी. आपल्यातले कित्येकजण समोरून रिक्षाने जातात आणि बघतही नाहीत, असो. ते काम शिल्पकार रामकिंकर बैज यांचं, आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

माणूस बंगालमधल्या बांकुड्याचा, जन्म १९०६चा, घरची गरिबी, १९२५ला शांतिनिकेतनला आला आणि मग तिथलाच झाला. आता बँक आणि हा फकीर माणूस यांची गाठ पडली कशी? तर सरकारी इमारती बांधताना त्यात कलाकारांनाही काम द्या असा नेहरूंचा आग्रह होता, त्यावरून बँकेने मनावर घेतलं, आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे गोंधळेकर, कार्ल खंडालावाला अशा जाणकारांना विचारलं, शिल्पकारांकडून मॉडेल्स मागवली आणि शेवटी रामकिंकरांची कल्पना धरली. यक्ष म्हणजे कुबेराच्या खजिन्याचा राखणदार, बँकेच्या दारात याच्याहून योग्य कोण! पण गंमत बघा, मथुरेच्या म्युझियममधला जुना परखमचा यक्ष डोळ्यासमोर ठेवला आणि त्याच्या हातात दिलं काय, तर पैशाची थैली आणि यंत्राचं दातेरी चाक. तो उद्योगाचं प्रतीक, यक्षी शेतीचं.

दगड आणायचा होता हिमाचलमधल्या बैजनाथहून, तिथली रेल्वे छोटी, त्यात एवढाले ठोकळे, म्हणजे उपद्व्यापच की नाही, वर्षांमागून वर्षं गेली, सुरुवात पन्नासच्या दशकात आणि काम पूर्ण झालं १९६७ला. बरं, वर राज्यसभेत प्रश्न, बँकेच्या दारात उघडी बाई कशाला म्हणून! देवळादेवळात यक्षिणी बघत मोठे झालेल्या देशात हे, आता काय बोलणार.

पण मला विचाराल तर रामकिंकर खरे दिसतात ते शांतिनिकेतनातच. दिल्लीत बिल्डिंग मोठी म्हणून मूर्ती मोठ्या, आणि त्या थोड्या अवघडून उभ्या आहेत असं मला तरी वाटतं. १९३८चं 'संथाल कुटुंब' बघा, संथाल म्हणजे तिकडचे आदिवासी. ना संगमरवर ना ब्राँझ, पैसेच कुठे होते, म्हणून तिथलाच लाल मुरूम आणि सिमेंट कालवून सांगाड्यावर थापलंय आणि मग छिन्नीने कोरलंय. बापाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोपलीत चक्क पोर बसलंय, शेजारी डोक्यावर ओझं घेतलेली आई आणि बरोबर कुत्रा. सगळं बिऱ्हाड कामाच्या शोधात निघालंय. जवळून बघितलं तर अंगावर खडे दिसतात, गुळगुळीत काही नाही, आणि खालची जमीनही त्याच रंगाची. तिथल्या मातीच्या घराच्या भिंतींवरही त्यांनी अन् विद्यार्थ्यांनी उठावचित्रं केलीत, म्हणजे इमारत आणि शिल्प वेगळं काढताच येत नाही.

आणि 'मिल कॉल'! भोंगा वाजलाय, दोन बाया धावत सुटल्यात, वाऱ्यावर ओली लुगडी वाळवत, मागे पोर. ते बघून पाय आपोआप उचलतात राव.

ही शिल्पं शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाशाळेच्या आवारात आहेत, बोलपूर स्टेशनला उतरलात की टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा मिळते, फक्त आत सोडतात की नाही ते आधी चौकशी करून जा.