शिवणकाम करणाऱ्या बाई आणि आठ ‘सी’

आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय आहे ‘मोठ्या आतड्याच्या कर्करोगातली डीएनए-दुरुस्ती आणि जनुकीय विविधता’. तिथे मी येणारच आहे. पण एका बाईंबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१८९५ सालची गोष्ट. मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट (रोगट ऊती तपासून निदान करणारे डॉक्टर) ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या ओळखीतल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, की मी लवकरच कर्करोगाने जाणार. कशावरून? तर आमच्या घरात माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानेच जातात. वॉर्थिननी हे हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल मला त्यांचं फार मोठेपण वाटतं. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ लावायला घेतली आणि १९१३ मध्ये ती छापली. बाई पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेल्या. १९६६ मध्ये हेन्री लिंच या डॉक्टरांनी तशीच दोन घराणी मांडली. घराण्यात चालत येणाऱ्या ज्या कर्करोगाला आज आपण ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतो तो हाच. कालांतराने वॉर्थिनच्या त्या घराण्यात एमएसएच२ जनुकातला दोषही सापडला. बाईंनी जे घरात बसून ओळखलं होतं, तिथे पोचायला विज्ञानाला शंभर वर्षं लागली.

आणि आज? माझ्याकडे बायोप्सीसोबत, म्हणजे तपासायला काढलेल्या गाठीच्या तुकड्यासोबत, जो फॉर्म येतो, त्यात ‘कौटुंबिक इतिहास’ या रकान्यापुढे लिहिलेलं असतं, ‘विशेष नाही’. एकदा मला राहवलं नाही, मी रुग्णाच्या बहिणीला फोन लावला. आई गर्भाशयाच्या कर्करोगाने गेलेली, मामा आतड्याच्या. तिने शांतपणे विचारलं, “डॉक्टर, हे आम्हाला आधी कुणी विचारलंच नाही हो.” त्या वाक्याचा राग मला अजून आहे. तो फॉर्म भरणाऱ्यावर नाही, तो रकाना दोन शब्दांत उरकायच्या सवयीवर आहे.

आता दोष कसला ते सांगते. पेशी दुभंगताना डीएनएची सुमारे ६०० कोटी अक्षरं (ए, सी, जी, टी ही चारच, पुन्हा पुन्हा) उतरवून काढते. उतरवणारं एन्झाइम आपलं आपण तपासत जातं, तरी काही चुका राहतातच. त्या पकडायला मागाहून मुद्रितशोधक येतो: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही प्रथिनं. तो शंभर ते हजार पटींनी चुका कमी करतो. तो गैरहजर असला की सगळ्यात आधी घोटाळा होतो तो एकच अक्षर ओळीने आलं असेल तिथे. तुम्हीच भराभर सव्वीस वेळा ‘अ’ लिहून बघा, एखादा गळतोच. आणि जनुकात शब्द तीन-तीन अक्षरांचे असतात. ‘मदन गवत उचल’ यातला एक ‘द’ गाळा: ‘मनग वतउ चल’. तिथून पुढचं सगळं वाया.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या साधारण १५ टक्के गाठींत हा शोधक नसतो. त्यातल्या थोड्याच लिंचच्या. बहुतेकींत एमएलएच१ जनुक जन्मतः शाबूत असून नंतर बंद पडलेलं असतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मग मूळ मुद्द्यावर येते.

ही प्रथिनं आहेत का ते बघायला आम्ही गाठीचा काप रंगवतो: प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी, नसेल तिथे निळं. एका गाठीच्या स्लाइडवर एमएलएच१ आणि पीएमएस२ सगळीकडे गेलेले होते. गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी, मधल्या लिम्फोसाइटची, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशींची, तपकिरी. म्हणजे रंग नीट लागलेला. पण एमएसएच६ मात्र ठिगळासारखा: काही ग्रंथी तपकिरी, त्यांना चिकटून असलेल्या निळ्या. एका ज्येष्ठांनी सांगितलं, स्टेनिंग (रंगवणं) बिघडलंय. मी तीनदा रंगवून घेतलं, तीनदा तेच ठिगळ, त्याच जागी.

कारण एमएसएच६ जनुकात स्वतःतच ओळीने आठ ‘सी’ आहेत. शोधक आधीच अर्धा गेलेला, त्यात एका पेशीत एक ‘सी’ गळला की एमएसएच६ही बंद पडू शकतं, आणि मग तिच्या सगळ्या वंशात चुकांचा वेग आणखी वाढतो. पुढे उतरवताना पुन्हा चूक होऊन आठ ‘सी’ जुळले, तर ते सुरूही होतं. मुद्रितशोधकाच्याच आणखी एका जनुकात, एमएसएच३ मध्ये, तसेच आठ ‘ए’. म्हणजे एकाच गाठीत कुठे चुका वेगाने साचतात, कुठे सावकाश. वेग फार वाढला तर पेशीलाच तो झेपत नाही. चुकीची प्रथिनं वाढली की रोगप्रतिकारक पेशी तिला ओळखतात. म्हणून तर इम्युनोथेरपी, म्हणजे या रोगप्रतिकारक पेशींना मोकळीक देणारं औषध, इथे चालते. २०१७ मध्ये अमेरिकेत अवयव न बघता, फक्त या दोषावरून तिला मान्यता मिळाली. २०२२ मध्ये गुदाशयाच्या अशाच गाठींचे पहिले १२ रुग्ण प्रसिद्ध झाले. बाराही जणांची गाठ नुसत्या औषधाने दिसेनाशी झाली. मात्र पसरलेल्या रोगात सगळ्यांनाच गुण येत नाही, आणि ‘दोष आहे’ एवढ्या रिपोर्टवरून गाठीच्या आत किती वंश नांदताहेत ते कळत नाही. बायोप्सीचा तुकडा काही मिलिमीटरचा. तो ठिगळाच्या अलीकडचा की पलीकडचा, हे रिपोर्टात येत नाही. ते लिहायला हवं, आणि शक्य तिथे एकापेक्षा अधिक तुकडे बघायला हवेत.

ती स्लाइड मी सोबत आणली आहे. मागच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपला लावून ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने बघा, डावीकडे वर, जिथे तपकिरी संपून निळं सुरू होतं तिथे.