कायद्याच्या परीक्षेत कायदा विचारत नाहीत

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचं वर्ष असलेल्या घरांतून हल्ली एक वाक्य बरंच ऐकू येतं, "मला लॉ करायचंय." आईवडील आधी दचकतात, मग ओळखीतला वकील शोधतात. मी इथे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करते, त्यामुळे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतले पुष्कळ काका-काकू माझ्यापर्यंत येऊन पोचतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला कलमं पाठ करायला कधीपासून बसवू?"

बसवूच नका. क्लॅट नावाच्या परीक्षेत कलमं विचारत नाहीत. ही परीक्षा २००८ पासून आहे आणि देशातली बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठं तिच्यावरच प्रवेश देतात. आपल्याला जवळची म्हणजे भोपाळ आणि जबलपूर. दिल्लीचं राष्ट्रीय विधि विद्यापीठ मात्र एलेट नावाची स्वतःची वेगळी परीक्षा घेतं, तिचा अर्ज निराळा भरावा लागतो. २०२० पासून क्लॅटचा सगळा साचाच बदलला. आता साधारण साडेचारशे शब्दांचा एक उतारा देतात आणि त्याच्याखाली चार-सहा प्रश्न. एकूण १२० प्रश्न, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि उतारा वाचायचा तोही त्याच मिनिटात. मुलं अडकतात ती इथे. ज्ञान कमी पडतं म्हणून नाही, वाचायची सवय नसते म्हणून.

एक उदाहरण सांगते, कायद्याचा भाग कसा असतो ते कळेल. समजा उताऱ्यात असं दिलंय: दुकानात किंमत लावून मांडलेली वस्तू म्हणजे दुकानदाराचा प्रस्ताव नव्हे. गिऱ्हाईक ती मागतं तेव्हा प्रस्ताव गिऱ्हाइकाकडून येतो, आणि दुकानदारानं होकार दिला तरच करार होतो. आता प्रश्न. राजवाड्याजवळच्या एका दुकानात साडीवर आठ हजारांऐवजी चुकून आठशेची चिठ्ठी लागली. बाईंनी साडी उचलली, काउंटरवर आठशे रुपये ठेवले. शेठजी म्हणाले, या भावात देणार नाही. करार झाला का?

दहातली बरीच मुलं म्हणतात, झाला. का? तर "लिहिलंय त्या भावात द्यायलाच पाहिजे, नाहीतर ही फसवणूक आहे." भावना चांगली आहे, उत्तर चूक आहे. उताऱ्यातल्या नियमाप्रमाणे बाईंनी प्रस्ताव ठेवला, शेठजींनी तो नाकारला, करार झालाच नाही. ग्राहक संरक्षण कायदा काय म्हणतो, तुमचे मामा काय म्हणतात, तुम्हाला काय न्याय्य वाटतं, हे सगळं त्या दोन तासांपुरतं बाहेर ठेवायचं. जो नियम छापलाय तोच लावायचा. उलटंही होतं: ज्यानं आधी कायद्याचं पुस्तक वाचलंय तो स्वतःचं ज्ञान मध्ये घुसवतो आणि मार्क घालवतो. म्हणून म्हटलं, कलमांना बसवू नका.

मग तयारी कशाची करायची? वाचण्याची. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या. वाचून झाला की मराठीत तीन ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, ते त्यानं कशाच्या आधारावर केलं, आणि हे न पटणारा माणूस काय म्हणेल. मराठीतच लिहा, कारण इंग्रजीतलीच वाक्यं उतरवली की समजल्याचा भास होतो. सुरुवातीला अर्धा तास लागेल. लागू द्या.

आपल्या इंदूरच्या मराठी मुलांचं एक खास त्रांगडं आहे. घरात मराठी, शाळेच्या गेटपासून सराफ्यापर्यंत हिंदी, आणि क्लॅटचा पेपर फक्त इंग्रजीत. याला घाबरून मुलं शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात. त्यापेक्षा बातमी आधी घरी येणाऱ्या हिंदी पेपरात वाचा, मग तीच बातमी इंग्रजीत वाचा. विषय आधी डोक्यात गेलेला असला की अडलेले निम्मे शब्द संदर्भानं सुटतात.

चालू घडामोडींचा भाग मोठा असतो, २८ ते ३२ प्रश्नांचा. कायद्याचा भागही तेवढाच. म्हणजे निम्मा पेपर या दोघांचा. घडामोडींमध्ये नुसती तारीख पाठ करून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, हे सगळ्यांना सांगता येतं. पण १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, हे विचारलं की गडबड होते. चुलतभावाची जुनी पुस्तकं घरात पडली असतील तर त्यांच्यावरची साल आधी बघा. गणिताचे दहा ते चौदा प्रश्न असतात, दहावीच्या पातळीचे: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी. कला शाखेच्या मुलांनी त्यांचा बाऊ करू नये.

चूक उत्तराला पाव मार्क कापतात. म्हणून पुष्कळ मुलं शंका आली की प्रश्न कोरा सोडतात. थोडा हिशेब करू. चार पर्याय आहेत, सोळा प्रश्नांत अगदी डोळे मिटून खूण केलीत. सरासरीनं चार बरोबर येतील, चार मार्क मिळतील. बारा चुकतील, तीन कापले जातील. हातात एक उरला. म्हणजे आंधळ्या अंदाजात फारसं काही नाही, पण तोटाही नाही. मात्र चारातले दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं जरी कळलं, तरी सोळापैकी आठ बरोबर येतील, दोन कापले जातील, सहा हातात राहतील. तेव्हा दोन पर्याय खोडता आले तर उत्तर लिहा. सराव परीक्षा देताना हाच हिशेब तपासा, नुसता एकूण आकडा पाहून मोबाईल बाजूला ठेवू नका. पेपर दोन तासांचा असेल तर त्याची उजळणी तीन तासांची हवी.

आता क्लासबद्दल. भंवरकुआंच्या चौकात मान वर केली की होर्डिंगांवर हसरे चेहरे दिसतात, आणि कधी कधी एकच चेहरा दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर दिसतो. त्या मुलानं एकाकडे वर्षभर शिकून दुसऱ्याकडे फक्त सराव परीक्षा दिलेली असू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासच्या जाहिरातींसाठी नियमावलीच काढली: यशस्वी विद्यार्थ्यानं नेमका कोणता कोर्स केला होता ते सांगावं लागतं, आणि निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरता येत नाही. पैसे भरण्याआधी काउंटरवर हे जरूर विचारा. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून बरंच कळतं. शिस्तीनं बसणाऱ्या मुलाला क्लास लागतोच असं माझं मत नाही. घरी बसवत नसेल त्यानं लावावा.

पालकांनो, पैशाचं आधी बोला. राष्ट्रीय विधि विद्यापीठात राहण्या-जेवणासकट वर्षाला दोन ते चार लाखांच्या घरात खर्च येतो, आणि अशी पाच वर्षं. ते झेपत नसेल तर मुलाला क्लॅटच्या निकालानंतर सांगू नका, आज सांगा. कारण दुसरे रस्ते आहेत आणि ते कमीपणाचे नाहीत. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवरून प्रवेश मिळतो, आणि ती परीक्षा हिंदीतच काय, मराठीतही देता येते. आधी बीए, बीकॉम करून मग तीन वर्षांचं एलएलबी करणारेही कमी नाहीत; शासकीय विधि महाविद्यालयांचे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून होतात. तिथली फी मध्यमवर्गी घराला परवडते. एवढं मात्र बघा की कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे. पत्राचारानं मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही.

इंग्रजी कच्चं म्हणून वकिलीच नको, असंही समजू नका. आमच्या जिल्हा न्यायालयात जबान्या, अर्ज, युक्तिवाद हिंदीतच चालतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मध्ये उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असली, तरी मध्यप्रदेश उच्च न्यायालयात हिंदीच्या वापराला १९७१ सालीच मंजुरी मिळालेली आहे. मुलाला एखाद्या दुपारी जिल्हा न्यायालयात घेऊन या आणि मागच्या बाकावर बसवा. न्यायालय सगळ्यांना खुलं असतं. टीव्हीतली वकिली आणि इथली यांत किती फरक आहे ते त्याला स्वतःला दिसेल. काही मुलं त्याच दिवशी विचार बदलतात, आणि तेही चांगलंच.

"पाच वर्षांत जज होईल ना?" हाही एक लाडका प्रश्न. नाही होणार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लावली. पाच अधिक तीन, असा हिशेब धरा.

पुण्या-मुंबईचं आकर्षण आपल्याकडे जुनंच. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधि महाविद्यालय, यांच्यासाठी महाराष्ट्राची वेगळी प्रवेश परीक्षा, सीईटी, आहे. ती मराठीतही देता येते आणि तिच्यात चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पण आडनाव कुलकर्णी किंवा पवार असलं म्हणून कुणी महाराष्ट्राचा रहिवासी होत नाही. दहावी-बारावी इंदूरला झालेला मुलगा तिथे परराज्यातलाच धरला जातो, आणि त्या जागा थोड्या असतात. सदाशिव पेठेतल्या आत्याचा पत्ता देऊन काम भागवू, हा विचार डोक्यातून काढा. उलट भोपाळ आणि जबलपूरला मध्यप्रदेशच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत आणि त्या आपल्या हक्काच्या आहेत. त्यासाठी मूळ निवासी प्रमाणपत्र लागतं, ते वेळेवर काढून ठेवा.

कागदांचंच आणखी एक. आपल्याकडे आधारवर नाव असतं वडिलांच्या नावासकट, तीन शब्दांचं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दोनच शब्दांचं. अर्जात गुणपत्रिकेप्रमाणे नाव लिहा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. प्रवेशाच्या खिडकीवर यावरून होणारी धावपळ फार वाईट. अलीकडच्या वर्षांत क्लॅटचे अर्ज जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात आणि परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे बोर्डाच्या आधी. खुल्या गटाला बारावीत ४५ टक्के पुरतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०, वयाची अट नाही. अर्जाची फी चार हजार आहे, सवलतीच्या गटांना साडेतीन.

निकालानंतर समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, फेऱ्या सुरू होतात. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना यादी भरपूर लांब ठेवा, आणि जिथे खरोखर जायचं नाही ते नाव यादीत घालू नका. जागा मिळाली की तीन बटणं समोर येतात: फ्रीझ, फ्लोट, एक्झिट. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. फ्लोट म्हणजे ही जागा धरून ठेवा, वरची मिळाली तर द्या. पण वरची मिळाली की खालची गेली, परत मागता येत नाही. एक्झिट म्हणजे आपण बाहेर. ठरलेल्या मुदतीत एकही बटण दाबलं नाही, फी भरली नाही, तर हातातली जागा जाते. त्या दिवसांत लग्नाला गावी जाणार असाल तर चार्जर आणि बँकेचं कार्ड बरोबर घेऊन जा.

नमस्कार.