पिव्होटचं बेअरिंग का जातं?

[दृश्य: स्टँडला अडकवलेली फुल सस्पेन्शन सायकल. मागचं चाक काढलेलं. फ्रेमवर लाल मातीचा थर.]

पाऊस ओसरला की पुण्यातल्या सायकल वर्कशॉपमध्ये सह्याद्रीत फिरून आलेल्या माउंटन बाइक येऊ लागतात. तक्रार ठरलेली. चढावर मागून कुरकुर होते आणि वळणावर मागचा भाग सैल वाटतो. चेन बघून झालेली असते, स्पोक आणि सीटपोस्टही. उरतात ते पिव्होट, म्हणजे मागच्या भागाचे सांधे.

या सायकलचा मागचा भाग फ्रेमला सांध्यांनी जोडलेला असतो. मुख्य सांधा क्रँकच्या जवळ, बाकीचे मागच्या एक्सलपाशी आणि धक्के झेलणाऱ्या शॉकला जोडणाऱ्या दांडीवर, म्हणजे लिंकवर. आत बसलेली असतात छोटी सीलबंद बेअरिंग्ज.

[दृश्य: शॉक सुटतो. एक हात मागचा त्रिकोण सावकाश वर-खाली करतो.]

परीक्षा सोपी आहे, पण शॉक काढल्याशिवाय ती करू नये. तो जागेवर असला की त्याचा दाब सांध्याचा दोष झाकून टाकतो. शॉक काढून मागचा त्रिकोण, म्हणजे चाक धरणारा फ्रेमचा मागचा भाग, हाताने हलवायचा. चांगला सांधा अलगद खाली येतो. गेलेला मध्येच अडतो, करकरतो, कधी आडवा खुळखुळतो.

आता चाकाच्या हबमधलं बेअरिंग बघा. ते मिनिटाला शंभर-दोनशे फेरे घेतं, तरी वर्षानुवर्षं टिकतं. पिव्होटमधलं एकही फेरा पुरा करत नाही. थोडे अंश पुढे, तेवढेच मागे. ते जातं नेमकं यामुळेच. आतल्या-बाहेरच्या रिंगमधले छर्रे जागा बदलत नाहीत, म्हणून प्रत्येक दगडाचा मार रिंगवरच्या त्याच त्या ठिपक्यांवर बसतो. तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. धातूवर धातू घासतो, बारीक खड्डे पडतात. त्यात पाणी शिरलं की गंज.

आणि पाणी शिरतं ते नुसत्या पावसाने नव्हे. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा थेट सांध्यावर मारला, तर तो रबरी सीलच्या कडेखालून आत घुसतो. चिखलाची सायकल बादलीभर पाण्याने आणि ब्रशनेच धुवावी, याबाबत माझं मत पक्कं आहे.

[दृश्य: कापडावर ओळीने मांडलेले बोल्ट.]

बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे. त्यांची लांबी सारखी नसते. जुनं बेअरिंग पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या अवजाराने, काढायचं. कार्बन फ्रेमवर हातोडा अजिबात नको.

[क्लोजअप: बेअरिंगच्या सीलवरचे आकडे.]

६९०२-२आरएस. आतला व्यास १५ मिलिमीटर, बाहेरचा २८, जाडी ७. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. काही कंपन्या हेच माप ६१९०२ म्हणून विकतात, तेव्हा दुकानदाराने तो आकडा सांगितला तर बिचकू नका. शक्य असेल तर आत पिंजरा (छर्रे एकमेकांपासून दूर ठेवणारी चकती) नसलेलं, छर्ऱ्यांनी पूर्ण भरलेलं बेअरिंग घ्या. वेगाने फिरायला ते तितकं चांगलं नाही, पण इथे फिरायचंच कुठे आहे? छर्रे जास्त, म्हणजे भार जास्त ठिकाणी वाटला जातो.

[दृश्य: थ्रेडेड रॉड, वॉशर, दोन सॉकेट. नट हळूहळू आवळला जातो.]

सगळ्या कामातली नाजूक वेळ ही. जागा पुसून कोरडी केली, ग्रीसचा पातळ हात दिला. नवं बेअरिंग दाबायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर जोर दिला तर तो सगळा छर्ऱ्यांतून जातो, आणि पहिल्या राइडआधीच रिंगला खळगे पडतात. म्हणून सॉकेट बाहेरच्या रिंगच्या मापाचा. बेअरिंग तिरकं चाललं की थांबायचं, मागे घ्यायचं, सरळ करायचं. तळाला टेकलं की पाना एकदम जड होतो. त्यापुढे अर्धा फेराही नको.

बोल्टच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब. तो बेअरिंगमध्ये उतरता कामा नये. आवळायचं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने त्या बोल्टसाठी दिलेल्या आकड्याला. शॉक लावण्याआधी मागचा त्रिकोण पुन्हा एकदा हाताने हलवून बघायचा.

[दृश्य: पातळ पात्याने सील उचललं जातं. आत ग्रीस भरलं जातं.]

पुढच्या जूनआधी एक काम आवर्जून करा. बाहेरच्या बाजूचं सील पातळ पात्याने अलगद उचला, आत वॉटरप्रूफ ग्रीस काठोकाठ भरा आणि सील परत दाबून बसवा. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये इतकं ग्रीस भरत नाहीत, ते तापतं. इथे तो प्रश्न नाही, आणि पाण्याला जागाच उरत नाही.