नावातला ‘स्टॉक’ कुठे गेला?

श्रोतेहो, नमस्कार.

१९ जून १९४९. अमेरिकेत शार्लट इथं मातीच्या मैदानावर नासकार या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ ही पहिली शर्यत झाली. स्टॉक म्हणजे दुकानातून आणली तशीच गाडी. ग्लेन डनवे सर्वांत पुढे आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणारे तसं करून घेत. डनवे बाद झाला आणि लिंकन गाडीवाला जिम रोपर विजेता ठरला.

आज तोच नियम लावला तर एकही गाडी तपासणीतून सुटणार नाही. २०२२पासून सगळ्यांचा सांगाडा एकाच पुरवठादाराकडून येतो. पुढचे दिवे म्हणजे नुसतं चिकटवलेलं चित्र! शेवरोलेनं कमारोचं उत्पादन डिसेंबर २०२३मध्ये थांबवलं, तरी ती मैदानावर धावत राहिली. टोयोटाची कॅमरी अमेरिकेतल्या दुकानात आता फक्त हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी मिळते. शर्यतीत मात्र तिच्या नावाखाली पेट्रोलचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन गर्जतं. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ हा या खेळाचा जुना मंत्र. विकायची गाडीच वेगळी झाली, तर जिंकून कंपनीला काय मिळणार? मला खरी चिंता याची वाटते.

मग शर्यतीतही विजेच्या गाड्या आणाव्यात का? जुलै २०२४मध्ये शिकागोत नासकारनं विजेवरची नमुना गाडी दाखवली. तीन मोटारी, तेराशेच्या आसपास अश्वशक्ती, म्हणजे व्ही-एटच्या दीडपटीहून जास्त. बॅटरी मात्र, आपल्या वीजबिलाच्या भाषेत, ७८ युनिटांची. आता डेटोना या मोठ्या, वेगवान मैदानावरची ५०० मैलांची शर्यत घ्या. आठशे किलोमीटर, जवळजवळ चारशे लिटर इंधन. इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं हे धरूनही, माझ्या ढोबळ हिशेबानं अशा डझनभर बॅटऱ्या लागतील. शिवाय डेटोनाला ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे ब्रेक दाबताना ऊर्जा बॅटरीत परत घालायला वावच नाही.

मार्टिन्सव्हिलचं मैदान याच्या अगदी उलट. जेमतेम अर्ध्या मैलाची फेरी, दोन सरळ बाजू आणि टोकांना आवळलेली वळणं. प्रत्येक वळणावर इतका करकचून ब्रेक दाबावा लागतो की डिस्क लालबुंद होतात. हवेत जाणारी ती ऊर्जा विजेची मोटार थोडीफार बॅटरीत परत घालू शकते. मला वाट दिसते ती इथं.

बॅटरी पुरत नाही म्हणून हा विषय कायमचा संपत नाही. आपल्या महिंद्राचा संघ फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या शर्यतमालिकेत २०१४च्या पहिल्या हंगामापासून आहे. तेव्हा चालकांना शर्यतीच्या मध्यात दुसऱ्या गाडीत उडी मारावी लागे. २०१८च्या डिसेंबरपासून एकच गाडी शेवटपर्यंत पुरू लागली.

आवाजाचं काय? तो जाईल, आणि ते नुकसान खरंच आहे. ढोल-ताशाचा दणका कानांआधी छातीत बसतो, तसा चाळीस व्ही-एटांचा बसतो. त्या आवाजासाठी माणसं रात्रभर गाडी हाकत येतात. त्यांना जुनाट म्हणणं मला पटत नाही.

म्हणून डेटोनाला हात लावू नका. अमेरिकेत विजेच्या गाडीवरची ७,५०० डॉलरची करसवलत सप्टेंबर २०२५ अखेर संपली आहे. कंपन्यांनाही एवढी घाई नाही. मार्टिन्सव्हिलला मुख्य शर्यतीआधी पन्नास फेऱ्यांची एक शर्यत ठेवा, दुकानात मिळणाऱ्या विजेच्या गाड्यांची. चालकाच्या सुरक्षेसाठी पिंजरा बसवा, बाकी काही बदलू नका. आणि संपल्यावर १९४९सारखं तपासनीसानं खाली वाकून पाहावं: सोमवारी दुकानात मिळते तीच बॅटरी आहे ना?

नमस्कार.