करड्याचं काय करायचं?

घरी काळे-पांढरे फोटो छापायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'प्रिंटर कुठला घेऊ?' माझं म्हणणं असं की आधी घरात आहे तोच प्रिंटर नीट समजून घ्या.

आपल्यापैकी बहुतेकांकडे चार बाटल्यांचा इंक टँक असतो. अशा बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली असते आणि तिन्ही रंग डायचे, म्हणजे पूर्ण विरघळलेले. साध्या कागदावर अक्षरं छापायला हे उत्तम. पण तुम्ही ग्लॉसी फोटो पेपर निवडलात, की काळी बाटली गप्प बसते आणि निळा, किरमिजी, पिवळा मिळून काळं तयार करतात. ठाण्याच्या तलावपाळीचा पावसाळी फोटो त्यावर काढून पाहा. काळा भाग काळा दिसेल, पण पाण्यावरची करडी छटा खिडकीच्या उजेडात हिरवट दिसते आणि पिवळ्या दिव्याखाली तांबूस. दोष डोळ्यांचा नाही. रंग मिसळून केलेला करडा प्रत्येक उजेडात वेगळा वागतो. म्हणून प्रिंट ट्यूबलाइटखालीच पास करू नका, दिवसा गॅलरीत नेऊन पाहा.

ज्या प्रिंटरांत काळ्याबरोबर एक-दोन करड्या शाया वेगळ्या असतात, तिथे हा त्रास फार कमी होतो. करड्यासाठी रंगीत शाई अगदी थोडी लागते. शिवाय पिगमेंट शाई डायपेक्षा पुष्कळ जास्त टिकते, आणि त्यातही कार्बनचं काळं सगळ्यात टिकाऊ. आजोबांचा फोटो भिंतीवर लावायचा असेल तर हा खर्च करावा. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मुळीच करू नये.

आता कागद. सुती मॅट कागद हाताला फार सुंदर लागतो, पण त्यावर काळ्याची घनता, म्हणजे काळं किती गडद ते सांगणारा आकडा, साधारण १.६-१.७ वर अडते. बरायटा कागदावर, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर असलेल्यावर, ती २.२ च्या पुढे जाते. ही मोजपट्टी लॉगची आहे, म्हणजे आकडा एकाने वाढला की परतणारा उजेड दहापट कमी होतो. त्यामुळे आकड्यांतला एवढासा फरक म्हणजे काळ्यावरून तीन-चार पट कमी उजेड परततो. रात्रीचे फोटो बरायटावर छापा. धुकं, म्हातारे चेहरे, येऊरची झाडी असेल तर मॅट. फार पांढराशुभ्र कागद दिसला की मला शंका येते. त्यात बहुधा चमक आणणारी रसायनं असतात आणि काही वर्षांत ती दमली की कागद पिवळट पडतो.

एक लक्षात ठेवा, मॅट कागदासाठीचं काळं आणि चकचकीत कागदासाठीचं 'फोटो काळं' या दोन वेगळ्या शाया आहेत. मॅट काळं ग्लॉसीवर गेलं तर बोटाला लागतं. फोटो काळं मॅटवर गेलं तर धुरकट दिसतं.

आणि आपलं ठाणं! एकीकडे खाडी, त्यात जून ते सप्टेंबर. पाकीट उघडं राहिलं की कागद ओल धरतो, कडा वळतात आणि शाई उडवणारं हेड त्यांना घासून काळे ओरखडे उठतात. उरलेला कागद मूळ पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवा ठेवा. उन्हाळ्यात उलटा त्रास, शाई हेडच्या बारीक भोकांत, म्हणजे नॉझलमध्ये, वाळते. आठवड्यातून एक छोटं प्रिंट काढत जा, हेड साफ करण्यात जाणाऱ्या शाईपेक्षा ते स्वस्त पडतं. प्रिंट निदान एक दिवस उघड्यावर वाळू द्या, पावसात दोन. घाईने फ्रेम केलीत तर शाईतली वाफ काचेला आतून धरते, आणि मग फ्रेमवाल्याशी भांडून उपयोग नाही.